अव्वाच्या गळ्यातली पेटी

लगीन होऊन मी घरात आले त्याच दिवशी सासूनं माझ्या नरड्याला हात घातला. मी उंबऱ्याच्या आत बसले व्हते, डोक्यावर पदर, मान खाली. ती समोर येऊन बसली, नाव इचारलं, आन मी तोंड उघडलं तसा तिचा पंजा माझ्या गळ्यावर. मला वाटलं, झालं, ही आता दाबती. नाव सांगायचं सोडून मी रडाया लागले. तर ती हसली आन लई मोठ्यानं म्हणाली, "रड, रड. रडलेलं बी कळतंय मला."

ती आमची अव्वा. उदगीरकडं आमच्यात आईला अव्वा म्हणत्यात. माझे मालक पाळण्यात असताना तिला मोठा ताप आला आन त्या तापात दोनी कान गेले. तवापसून ती माणसाच्या गळ्यावर न्हाईतर पाठीवर हात ठिवून, तोंडाकडं बगत बोलणं समजून घ्यायची. दारात गाडी आली की तळपायाला कळायचं तिच्या. सवताचा आवाज ऐकू येईना म्हून बोलायची मातर रानात हाळी दिल्यासारखं. गावातल्या बाया म्हणायच्या, अव्वानं गुपित सांगितलं की शिवंवरच्या म्हसोबाला बी कळतं. अव्वाच्या कानावर, म्हंजे हातावर, ते आलं तर म्हणाली, "कळू द्या की. त्यो कुणाला सांगतोय."

सासरे मी यायच्या अगुदरच गेलेले. घर गावाच्या भाईर, रानात. मालक, अव्वा आन मी, तिघंच.

पयल्या खेपंला मला भर दिवसा कळा सुटल्या. मालक बाजाराला गेलेले, अव्वा तुरीच्या रानात पाठमोरी. मी दारातून हाका मारल्या. ती दिसत व्हती मला, इतकी जवळ. वाकायची, तूर कापायची, पेंढी बांधायची, फुडं सरकायची. तिनं एकदा जरी मान वळवली असती. ती आली तवा समदं होऊन गेलं व्हतं. लेकरू निळं पडलेलं. तिनं ते पदरात घेतलं आन माझ्या गळ्यावर हात ठिवून बसली. मी कायच बोलत नव्हते, तरी तिनं हात काढला न्हाई.

त्यानंतर तिनं मला नजरंआड होऊ दिलं न्हाई. चुलीपशी बसली तरी तोंड माझ्याकडं.

मंग दुष्काळ पडला. हिरीचा तळ उघडा पडला. पाण्याला वढ्यात जावं लागायचं. वढा बी कोरडाच, पर वाळूत झरा उकरून बसलं की वाटी वाटीनं घागर भरायची. निम्मा दिवस त्यातच जायचा. आन मला परत दिवस गेले व्हते. मालक लातूरला. लातूरचा नवा जिल्हा झालेला, कचेऱ्या बांधायचं काम निघालं व्हतं, तितं ते गवंड्याच्या हाताखाली. म्हंजे घरात मी पोटुशी, आन वढ्यात अव्वा पाठमोरी. डोळे मिटले की मला ती तुरीतली पाठ दिसायची. भ्या तिला बी व्हतं. अर्धी घागर घेऊन घरी यायची, मला बगायची, परत जायाची.

लातुरात मालकांच्या कानावर आलं की भैऱ्या माणसाला तपासून मशीन देत्यात. मंग आमी यष्टीनं गेलो.

तपासणारा मानूस तरणाच व्हता. त्यानं अव्वाच्या कानावर टोपडं चढवलं आन खुणंनं सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. अव्वा त्याच्या तोंडाकडं बगून बरूबर बोट वर करू लागली. तो खूश. मालक म्हणाले, "सायेब, ती आवाज न्हाई, तुमची भिवई ऐकतीय." मंग तो पाठ करून बसला, तसं तिचं बोट खालीच राहिलं. लई खटके फिरवल्यावर कुटं एकदा वर आलं. त्यानं कानाचा साचा घ्यायला गुलाबी लगदा कानात भरला. अव्वानं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. "ह्यो निघंल ना रं परत?" असं म्हणाली, तर भाईर बसलेली माणसं हसली.

साचा झाल्यावर परत बोलावलं. हातावर मावंल अशी पेटी, गळ्यात अडकवायची, वायर कानाला. त्यानं खटका दाबला. मालक फुडं होऊन म्हणाले, "अव्वा, ऐकू येतंय का?"

अव्वा पांढरीफट पडली. तिनं मागं वळून बगितलं. मागं भिंत.

"कोण बोललं?"

"मी की. तुजा बसू."

तिनं कानातली वायर वढून काढली. "ह्यो बसू न्हाई. ह्यो तुजा बाप बोलतोय."

मला तवा उमगलं. तिनं लेकाचा आवाज ऐकलेला तो पाळण्यातला. वाढलेल्या लेकाला बापाचा आवाज आलाय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं असतंय असं बी कुणाच्या ध्यानात येत न्हाई. वाटंनं यष्टीत ती माझ्या गळ्यावर हात ठिवून इचारत व्हती, त्या पेटीत मेलेल्या माणसांना घातलंय का म्हून. तपासणाऱ्यानं मालकांना समजावून दिलं व्हतं, घरात बसून थोडं थोडं लावा, एका टायमाला एकच आवाज दावा, गर्दीत नेऊ नका, पाणी लागू देऊ नका. मालक मला समदं सांगून कामावर गेले. पेटी खुंटीला.

मी तिला लाव म्हणाले न्हाई. एक दिवस तिनंच माझ्या पोटाकडं बगितलं आन खुंटीवरून पेटी काढली. "भ्या गेल्यावर करू म्हणलं तर कायच हुत न्हाई पोरी. भीत भीतच करायचं." हे तिचं ठरलेलं बोलणं व्हतं. हिरीत उतरताना बी तेच, लातूरच्या यष्टीत चढताना बी तेच.

आमी लिंगायत, आमच्या गळ्यात लिंग असतंय. सकाळी ते तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, इभूत लावायची. अव्वानं पेटीला पिशवी शिवली आन लिंगाशेजारी बांधली. दुसऱ्या दिवशी लिंगाची पूजा झाली तशी तिनं पेटी तळहातावर घेतली. मी चुलीकडून वळले तवर पाणी घालून, इभूत लावून डोळे मिटून बसली व्हती.

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "गळ्यात हाय, मंग तिलाच उपाशी कशी ठिवू?"

पेटी मुकी झाली. खटका दाबून बगितला, काय न्हाई. माझे दिवस भरत आलेले. मी शेल काढले, पेटी उघडी करून सुपात वाळत घातली आन दोघी तिच्याकडं बगत बसलो, आजारी लेकरापशी बसावं तसं. सुकल्यावर अव्वानं कानाला लावली तर खरखरली. दुष्काळात पूजेला चमचाभरच पाणी असायचं, म्हून वाचली. पाऊसकाळ बरा असता तर गेलीच व्हती.

मंग रोज एक आवाज. मी कडी वाजवायची, तिनं कडीकडं बगायचं. मंग जातं, मंग कोंबडी. भाकरी थापायचा आवाज आयकून ती उटून उभी राहिली, म्हणाली, कोण मारतंय कुणाला. पदर पेटीवर घासला की दचकायची. सवताचं बोलणं आयकून तर इतकी भ्याली की कुजबुजाया लागली. मला म्हणाली, "मी इतकी वरडत व्हते आन तू एकदा बी सांगितलं न्हाईस?"

हाक मातर तिला पकडता येईना. समदे आवाज पेटीतून, छातीतूनच यायचे, कुटून आले कळायचं न्हाई. म्हून मी पितळंचं ताट काढलं. लोक लेकरू झाल्यावर ताट वाजवत्यात, आमी अगुदर वाजवायचं ठरवलं. ताट वाजलं म्हंजे मी, दुसरं कायच न्हाई. ती वढ्यात जाऊन बसायची, मी दारात ताट वाजवायची, ती लांबून हात वर करायची. पर शेल लातूरवरून यायचे, म्हून घरात मी डोळ्याम्होरं असले की ती खटका बंद ठिवायची, वढ्यात गेली की चालू करायची. मला रातंदिवस एकच भ्या. तितं जाऊन खटका इसरली तर?

त्या दिवशी ती घागर घेऊन गेली आन उन्हं वर आली तशी पयली कळ आली. मी ताट घेतलं, दारात आले. वढ्याच्या काठाआड ती दिसत नव्हती. मी वाजवलं. हात वर आला न्हाई. परत वाजवलं. डोळ्याम्होरं वढा न्हाई, तुरीचं रान उभं राहिलं. मी मनात म्हणाले, खटका दाब अव्वा, खटका दाब. कळा जवळ जवळ येऊ लागल्या. दाराच्या चौकटीला पाठ लावून खाली बसले, आन बसून वाजवलं. मंग एक अशी कळ आली की हातातनं ताट सुटलं, घरंगळत पार अंगणात गेलं. मला उटता येईना. आता ताट बी न्हाई. मी हाक मारली न्हाई. हाकंचं काय हुतं ते मला ठावं व्हतं.

मंग मला भुईत धप धप कळलं. माझ्याच तळपायाला. डोकं वर केलं तर अव्वा. पदर लोंबतोय, चप्पल न्हाई, घागर न्हाई, छातीवर पेटी हिंदकळतीय. अशी पळताना मी तिला कवाच बगितली नव्हती. येऊन तिनं दोनी हातानं माझा गळा धरला.

"ताट का थांबवलंस?"

मी म्हणाले, सुटलं हातातनं.

"पयल्याच ताटाला निघाले मी. वाजत व्हतं तवर धीर व्हता, पाय उचलत व्हते. थांबलं तवा पळाले."

इतकी वर्सं ती गप कानानं जगली. त्या सामसुमीला ती पयल्यांदा भ्याली ती त्या दिवशी.

पोरगी झाली. रडली तवा अव्वानं पेटी हातात घेऊन तिच्या तोंडापशी धरली आन कितीतरी येळ तशीच बसली. "ह्यो आवाज वळखीचा हाय," इतकंच म्हणाली. वढ्यातली घागर दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानातल्या बाईनं आणून दिली.

म्हातारपणी अव्वा गेली. आमच्यात मातीत बसवत्यात, हातात लिंग देत्यात. तिनं अगुदरच सांगून ठिवलं व्हतं, लिंग ऱ्हाऊ द्या, पेटी काढून घ्या. "मी लई ऐकलं. आता त्यानं माजं ऐकावं."

आता माझेच कान गेलेत. त्याच पोरीनं मला लातूरला नेऊन मशीन बसवलं, हरभऱ्याएवढं, कानात घातलं की दिसत बी न्हाई. पयल्या दिवशी पंखा सुरू केला तर वाटलं छप्पर उडालं. मी काढून ठिवलं. पोरगी जवळ बसली, म्हणाली, आई, एक एक आवाज घेऊ, पयला कोणता घ्यायचा? मी म्हणाले, फळीवरचं ताट काढ.

तिनं ते चमच्यानं वाजवलं. माझ्या अंगावर काटा आला. तिला वाटलं मला तरास होतोय, म्हून ती थांबली.

"वाजीव," मी म्हणाले. "थांबू नको."