होकायंत्र घरी का राहिलं

आजोबा तांडेल होते, गलबत चालवायचे. शेवटच्या खेपेला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचं पितळी होकायंत्र तेवढं दुरुस्तीला दिलेलं, म्हणून वाचलं. ही गोष्ट मी पाहुण्यांना अगदी चवीनं सांगत आलो.

मालवणच्या आमच्या घरात ते होकायंत्र आतेच्या ताब्यात. आते म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय पंच्याऐंशी. नव्या राष्ट्रीय संग्रहालयाला जुन्या दर्यावर्दी वस्तू हव्यात असं वाचलं आणि मी तिला न विचारता कळवून मोकळा झालो. माझं सगळं असंच, उठला की सुटला.

संग्रहालयाच्या बाई आल्या. आतेनं त्यांना चहा दिला आणि उलटतपासणी सुरू केली.

"हेचो मालक कोण होतलो?"

"देश, आजी. संग्रहालय कायद्यानं उभं राहतं, विश्वस्त मंडळ ते चालवतं. पण विश्वस्त मालक नव्हेत."

"म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांसारखे."

बाई हसून हो म्हणाल्या.

"आणि सायब बदललो तर?"

"संचालक बदलतात, मंत्रीही बदलतात. नोंदवही तीच राहते. एकदा वस्तूला क्रमांक पडला की तिथली नोंद कुणाला खोडता येत नाही."

"मंत्र्याकय नाय?"

"नाही."

तिनं हेच तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं. "आते, देऊचा नसला तर नाय म्हणान सांग. बाईंका कित्याक अडकवन ठेवतंस?"

"तू गप रव रे," ती म्हणाली. "मेल्या, तुझी नेहमीचीच घाई."

मग एकदाची ती तयार झाली आणि दानाचा अर्ज निघाला. 'वस्तू आपल्याकडे कशी आली?' या रकान्यापाशी मी माझी ठरलेली गोष्ट सांगितली. बाईंनी सहज विचारलं, "दुरुस्तीला का दिलं होतं?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"माझ्या हातातसून पडला," आते म्हणाली. "आठ वर्सांची होतंय मी. काच फुटली. बाबांका सांगलंय, मांजरान पाडला. ते तसेच गेले, होकायंत्राशिवाय."

बाईंनी पेन थांबवलं आणि त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या, "आजी, 'दुरुस्तीसाठी घरी राहिलं' एवढंच लिहिते. तेवढं पुरे."

मला हायसं वाटलं. आतेला नाही.

"पुरा कसा? मांजरान नाय, मी पाडलंय, ता लिवा. माझा नाव घालून लिवा. तुमच्या वहीतला कोण खोडूचो नाय म्हणालात ना?"

बाईंनी लिहिलं. आतेनं मला ते दोनदा वाचायला लावलं, आणि मग सही केली. तिच्या बापाला सांगायचं राहिलेलं खरं ती सत्त्याहत्तर वर्षं एकटी घेऊन बसली होती. आणि मी तिच्यावर खेकसलो होतो, बाईंना उशीर होतो म्हणून.