एक जूनचे आम्ही

न्यायाधीश म्हणून माझा शेवटचा दिवस उन्हाळी सुटीत गेला. एकतीस मे. कोर्ट बंद, बाररूमला कुलूप, आवारातल्या लिंबाखाली कुत्री पसरलेली. निरोप समारंभ सुटी लागण्याआधीच उरकला होता. शाल, नारळ आणि ‘साहेबांनी आता विश्रांती घ्यावी’ छापाची भाषणं. विश्रांती मी मागितली नव्हती. चार्ज दिला, सही केली आणि बाहेर आलो. शिपायानं मागून दार ओढून घेतलं. मला वाटलं होतं रडू येईल. आला तो नुसता राग.

जिल्ह्याच्या कोर्टातला न्यायाधीश साठाव्या वर्षी घरी जातो. उच्च न्यायालयातला बासष्टाव्या, सर्वोच्च न्यायालयातला पासष्टाव्या. म्हणजे जितकं वर चढावं तितकं म्हातारपण उशिरा येतं. वर काही मी चढलो नाही. त्यात ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, त्यानं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच गाशा गुंडाळायचा, असा नियम. आणि आमच्या टेंभुर्णीत माझ्या वयाचा जवळपास प्रत्येक माणूस एक जूनला जन्मलेला.

याचं कारण शाळा. जन्माची नोंद कुणाच्याच घरात नसायची. गुरुजी पोराला समोर उभं करायचे आणि डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं आणि जन्मतारीख एक जून. माझी बोटं काही लागत नव्हती. मोठा भाऊ शाळेत जायला लागला होता, माय निंदायला जायची, मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. तेव्हा मायनं मागून माझं कोपर धरून असं काही वर रेटलं, की मधल्या बोटाचं टोक कानाला टेकलं. “लिहा मास्तर, सहाचा हाय,” ती म्हणाली. मास्तरांनी लिहिलं. मला पाच पुरी व्हायला अजून अवकाश होता.

ही गोष्ट आमच्या घरात हसत हसत सांगितली जायची. मीही कितीदा सांगितली असेल.

रिटायर झाल्यावर जालन्यात सामान लावलं आणि मायला भेटायला टेंभुर्णीला गेलो. ती ओसरीवर बसली होती.

“औंदा लय दिवसाची सुटी हाय का रे?” तिनं विचारलं.

“सुटी न्हाई, माय. रिटायर झालो. साठ झाले मला.”

“साठ? तुला?” तिनं बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. तिचा हिशोब सालांचा नसतो. भाऊ झाला तो दुष्काळ, मग मधलं एक लेकरू गेलं, मग मी, कापूस वेचणीत. दोनदा मोजलं. मग हात मांडीवर ठेवले. “तुला अजून दीड साल बाकी हाय,” म्हणाली. “मीच सांगतल्तं मास्तरला. म्हंजे तुझी नोकरी मीच खाल्ली.”

मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण हसू माझ्याही तोंडावर टिकलं नाही. ते दीड वर्ष मला हवं होतं. हातपाय धड आहेत, डोळे धड आहेत, एकेका खटल्यातले कच्चे दुवे अजून झोपेत दिसतात. त्या दीड वर्षासाठी माझा जीव तुटत होता, आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं. तिला ते पहिल्याच दिवशी कळलं.

त्यानंतर तिनं तेच धरलं. जेवण अर्ध्यावर टाकायची. दळण घेऊन जाणाऱ्या बाईला थांबवून सांगायची, माझ्यामुळं पोरगं घरी बसलं. मी दर आठवड्याला जायचो आणि दर आठवड्याला ती थोडी आणखी वाळलेली दिसायची. एकदा तर पातळ बदलून तयारच बसली होती. “चाल, जीपनं जाफराबादच्या कोर्टात जाऊ. मी पिंजऱ्यात उभी राहून बराबर सांगते. माझ्या पोटचं लेकरू, मला न्हाई तर कोणाला माहीत?”

हे वाक्य मी कोर्टात ऐकलं होतं. एक जूनचे लोक नोकरीच्या शेवटी शेवटी जन्मतारीख दुरुस्त करून मागायला येतात, आणि साक्षीला आई आणतात. एका कारखान्यातल्या फिटरची आई मला आठवते. कठड्याला धरून उभी होती आणि तीही असंच म्हणाली होती. मी निकालात लिहिलं, इतक्या वर्षांनंतर केवळ आईच्या तोंडी सांगण्यावर विसंबता येणार नाही. दावा फेटाळला. आजही तसाच लिहीन. शाळेतली तारीख मोडायची तर कागद लागतो. आयांचं ऐकत बसलो तर एकही माणूस रिटायर व्हायचा नाही.

“आता उशीर झाला, माय,” एवढंच मी म्हणालो आणि तिला जीपपर्यंत जाऊ दिलं नाही.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा ती लाल मिरच्यांचे देठ खुडत होती. मी समोर बसून खुडू लागलो. मग मान खालीच ठेवून तिनं विचारलं, “खरं सांग. तव्हाच जल्दी येऊन मी सांगतलं असतं, तर जज्जानं ऐकलं असतं का?”

हो म्हटलं असतं तर ती आयुष्यभर स्वतःला दोष देत बसली असती. नाही म्हटलं तर निदान सुटेल, असं मला वाटलं. शिवाय खरंही तेच होतं.

“न्हाई ऐकलं असतं.”

“कोणच न्हाई?”

“कोणच न्हाई.”

“त्या खुर्चीत तू असता तर?”

मिरचीनं बोटं चुरचुरत होती. ती माझ्याकडं बघत होती.

“मी बी न्हाई, माय.”

तिनं माझ्या पुढ्यातल्या मिरच्या आपल्या सुपात ओढून घेतल्या. “मायचं बी खरं वाटत न्हवतं तुला,” ती म्हणाली, “मंग बरंच झालं, घरी बसवलं ते.” सूप घेऊन ती आत गेली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली.