पांढऱ्या फरशीवर ताई

प्रशांतचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, पुण्याहून फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या घरी सकाळचा चहा गाळत होते. "मावशी, आई गेली. मी निघतोच आहे, तू आधी पोहोच," एवढंच तो बोलू शकला. देवळीला उतरले तोवर ताईच्या अंगणात माणसं जमली होती. मी सवयीनं घराच्या बाजूच्या बोळातून मागच्या खोलीकडे निघाले, तर शेजारच्या एका बाईंनी दंडाला धरून थांबवलं. "तिकडे नाई, बाई. हालमधी ठेवलं आहे तिले."

हॉलमध्ये... दोन वर्षं माझी बहीण जिथे येण्यासाठी झुरली, तिथे ती आता होती. मोठ्या खिडकीखाली, पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर, चटईवर निजवलेली. चटईच्या कडेनं निळं मेणकापड बाहेर डोकावत होतं. तेवढ्या घाईतही कुणीतरी आठवणीनं ते आधी अंथरलं होतं.

लोक या लेखात ताईच्या सुगरणपणाबद्दल, सोशीकपणाबद्दल वाचायची अपेक्षा ठेवतील. ती सुगरण होती. सोशीक या शब्दाचा मात्र मला आता राग येतो. तिच्याबद्दल लिहायचं तर मला त्या फरशीबद्दलच लिहावं लागेल, कारण तिचं निम्मं आयुष्य त्या फरशीनं खाल्लं.

आम्ही तळेगावच्या. आमच्या घरात शहाबादी फरशी होती, राखाडी, जराशी खडबडीत, उन्हाळ्यात पाठ टेकली की अंग निवायचं. तिच्यावर आई मिरच्या वाळवायची, आम्ही चिंचोके खेळायचो, सांडलेलं कालवण पोत्यानं पुसून टाकलं की संपलं. तिथे फरशीला कुणी जपत नव्हतं, फरशीच आम्हाला जपत होती. ताई लग्न होऊन देवळीला आली ती व्यापाऱ्याच्या घरात. भाऊजींचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान जोरात चालायचं. प्रशांत शाळेत जायला लागल्यावर त्यांनी नवं घर बांधायला काढलं आणि फरशी निवडायला ते आम्हा दोघींना नागपूरला घेऊन गेले. दगडांच्या त्या मोठ्या आवारात उभ्या करून ठेवलेल्या लाद्यांमधून ताई एखाद्या लग्नघरात मुली बघाव्यात तशी फिरत होती. मग तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि हिरवट कोटा दगडाच्या लादीवर थोडं पाणी टाकलं, थोडं पांढऱ्या संगमरवरावर. आम्ही दुसरीकडे बघून परत आलो. कोट्यावरचं पाणी तसंच थेंबाथेंबानं बसलेलं होतं, पांढऱ्यावर ओला, काळपट ठसा उतरला होता.

"अहो, हा दगड पाणी पिऊन राह्यला," ताई म्हणाली. "उद्या तेल सांडलं त काय सोडन हा?"

"दगड म्हंजे काय गाय आहे का, पाणी प्यायले?" भाऊजी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की दुकानदारही हसला. "सुमन, लोक घरात आले की खाली पाह्यतात. कोटा त बाजार समितीतबी आहे."

पांढरा दगडच आला. ताईच्या म्हणण्यातलं स्वयंपाकघर तेवढं तिला मिळालं, काळ्या कडप्प्याचा ओटा. तो लोकांना दिसणारा नव्हता.

वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी हॉलच्या फरशीवर सिमेंटचे वाळलेले ओघळ राहिले होते. दुकानाची लादी भाऊजी नेहमी ॲसिडनं धुवायचे. त्यांनी तीच बाटली आणली आणि दाराशी ओतली. फरशी फसफसली. ज्या दगडाचा पिंडच चुन्याचा, त्याला आंबट लागलं की तो असाच जळतो. लिंबानं हळूहळू, ॲसिडनं क्षणात. दाराजवळचा परातीएवढा भाग कायमचा निस्तेज, हाताला खरखरीत झाला. त्यावर सतरंजी टाकली गेली. वास्तुशांतीला एका पाहुण्याच्या पायानं ती सरकली आणि त्यांनी विचारलं, "हे काय झालं हो शेठ?" भाऊजी हसत म्हणाले, "आमच्या हिनं लिंबाचं सरबत सांडलं. काय बोलाव बायकायले!" ताई तेव्हा पंगतीत वाढत होती. तिनं ऐकलं. हातातली बुंदी तिनं नीट वाढली आणि पुढच्या पानाकडे गेली. पुढे वर्षानुवर्षं तो डाग तिचाच म्हणून सांगितला गेला. एकदा मी भर जेवणात खरं सांगायला तोंड उघडलं, तर तिनं ताटाआडून माझ्या पायाला चिमटा काढला.

त्यानंतर ती त्या दगडाची राखणदार झाली. दुसरा डाग तिला परवडणारा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. साबण नाही, मीठ टाकलेल्या पाण्याचा बोळा नाही. फक्त साधं पाणी, पिळलेलं मऊ सुती फडकं, आणि लगेच कोरडं. लोखंडी खुर्चीच्या पायांना तिनं जुन्या चादरीचे मोजे शिवले, कारण ओल्या लोखंडाचा गंज दगडात उतरतो. कुंडीखाली ताटली, पेल्याखाली ताटली, समईखाली मोठं ताट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हळद सांडेल म्हणून बायका ओसरीवरच बसायच्या आणि जाताना एकमेकींना म्हणायच्या, "चला, फरशीवालीचं झालं." ते तिच्या कानावर जायचं. प्रशांत लहानपणी पेरू घेऊन हॉलमध्ये आला की ती अशी धावायची, जणू त्यानं हातात विंचू धरला आहे. मला तिचा रागही यायचा. एकदा मी म्हटलं, "ताई, तू राहते कुठं या घरात?" ती म्हणाली, "माह्यं स्वयंपाकघर आहे न वं. तिथं काय कमी आहे मले?"

दोन वर्षांपूर्वी तिचं डावं अंग गेलं. दवाखान्यातून आणली ती थेट मागच्या खोलीत. बियाण्यांची जादा पोती ठेवायची ती खोली, एक झरोका आणि पंखा. रोज सकाळ-संध्याकाळ हातापायाला तेल चोळायचं होतं. बाई ठेवली होती, तेल ओघळायचं, जमिनीवर सांडायचं. त्या खोलीत साधा कोबा होता, त्यामुळे कुणाला काही वाटत नव्हतं. ताईची वाचा तुटक झाली होती, पण बुद्धी लख्ख होती. पावसाळ्यातल्या एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. ती म्हणाली, "कुंदे... हालच्या खिडकीतून रस्ता दिसते. शाळेतली पोरं दिसतात. इथं मले पंख्याशिवाय कोनी दिसत नाई."

मी उठले आणि भाऊजींना सांगितलं. ते हॉलमध्ये सोफ्यावर पेपर वाचत होते.

"न्या ना. म्या नाई म्हटलं काय कदी?" ते म्हणाले. मग घडी घालून पेपर बाजूला ठेवला. "पन तेलाचं कसं कराव? तुले त माहीत आहे, हा दगड तेल पिते. तिनंच सांगतलं होतं."

तिचंच वाक्य. नागपूरला हसण्यावारी नेलेलं, इतक्या वर्षांनी तिच्याच विरुद्ध वापरलेलं. मी म्हटलं, "भाऊजी, पलंगाखाली कायबी अंथरू. दगडापरीस मानूस मोठं आहे का नाई?" मधलं दार उघडंच होतं. आतून ताईचा आवाज आला, तुटत तुटत, पण प्रत्येक शब्द कळेल असा. "राहू दे कुंदे... डाग पडन."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "पाह्य. तिलेच नको आहे."

त्या माणसानं तिला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, औषधाला कमी पडू दिलं नाही. लोक हेच सांगतात आणि ते खरं आहे. त्यानं फक्त एक दगड निवडला आणि तो जपायला तिला दिला. पुढचं सगळं तिच्याकडून आपोआप होत गेलं. पलंग हलला नाही. मी पुन्हा दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तिनंच नकारार्थी मान हलवली. माझ्या बहिणीला हॉलमध्ये न्यायला तिच्या मरणाइतकं मोठं कारण लागलं.

तिला नेल्यावर, जिथे तिचं डोकं होतं तिथे रिवाजाप्रमाणे पीठ पसरून दिवा लावला गेला. मातीची पणती, गोडं तेल, दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नाही. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यात तेल घालत होता. पणती पाझरत होती, पीठ पिवळं होत होतं. या घरात दिव्याखाली ताटली ठेवायचं जिच्या एकटीच्या लक्षात आलं असतं, तो दिवा तिच्यासाठीच होता. मी रोज बघत होते. मी ताटली ठेवली नाही.

तेरावं झालं, माणसं पांगली. मागच्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला. आवाज थकलेला होता. "कुंदा, त्या दिव्याचा डाग काई केल्या निंघत नाई. पालिशवाल्याले बोलावलं, तो म्हनते लादी कापून काढा लागन. सुमन कायनं काढे वं तेलाचे डाग? तुले सांगतलं असन."

सांगितलं होतं. खायचा सोडा पाण्यात घट्ट कालवायचा, डागावर जाड थापायचा, वरून प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवायचं, मग उघडं करून वाळू द्यायचं. वाळताना सोडा तेल वर ओढून घेतो. एकदा भागलं नाही तर पुन्हा, पुन्हा. ताईनं मला ते करून दाखवलं होतं, आणि डाग गेल्यावर एखाद्या लहान मुलीसारखी हसली होती.

"नाई भाऊजी," मी म्हटलं. "मले नाई सांगतलं तिनं."

"तुले त सारं सांगे."

"हे नाई सांगतलं."

परवा महिन्याच्या श्राद्धाला देवळीला गेले. खिडकीखाली भाऊजींनी टीपॉय आणून ठेवला होता. आत स्वयंपाक चालला होता, हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी टीपॉय बाजूला सरकवला. तळहाताएवढा पिवळसर डाग होता, कडा पुसट, दगडाच्या आत खोलवर गेलेला. मी त्याच्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून खाली बसले. शाळा सुटली होती. पोरं एकमेकांची दप्तरं ओढत रस्त्यानं चालली होती. एकानं थांबून नाल्यात दगड मारला... सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

भाऊजी दारात आले. "तिथं काऊन बसली वं? सोफ्यावर बस ना. तेल आहे तिथं, लुगड्याले लागन."

"लागू द्या," मी म्हटलं, आणि बसून राहिले.