फेसवाले मामू

बोअरमधून वर आलेली रेती मामू चिमटीत घेऊन समोरच्या दातांखाली धरत. कचकच दातांना जाणवली की थुंकत आणि सांगत, "बारीक हाय. ही पाण्यानं निघायची न्हाई." शिरूर कासारजवळच्या आमच्या वस्तीवर ते पहिल्यांदा आले, तेव्हा हे पाहून मी चाटच पडले.

मामू नांदूरघाटचे. आखातातल्या तेलविहिरींवर उमेदीची वर्षं काढून परतले आणि ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसवून रेतीनं बुजलेले बोअर साफ करू लागले. वस्तीचा एकुलता एक बोअर तसाच बुजला होता. मामूंच्या आधी दोन बोअरवाल्यांनी जोरात पाणी मारून पाहिलं. पाणी खडकाच्या भेगांत मुरलं, रेती जागची हलली नाही. माझी म्हातारी आईसुद्धा लांबच्या विहिरीवरून कळशी आणत होती.

मामूंनी घरोघरचा साबणाचा चुरा मागवला. तो पाण्यात कालवून हवेबरोबर पाइपातून खाली सोडला. खंगलेल्या तेलविहिरीही अशाच साफ करतात, म्हणाले. "पाणी जड, ते विहीरच पिऊन टाकती. फेस हलका. रेतीला उचलून वर आणतो."

दोन तास काहीच आलं नाही. लोक म्हणू लागले, दाब वाढवा. मामूंनी ऐकलं नाही; घाईनं आतला पाइप फुटला तर बोअर कायमचा जाईल, एवढंच म्हणाले. लोक कंटाळून पांगले. माझी वहिनी सुनीता मात्र हलली नाही. कॉम्प्रेसरनं मामूंचे कान गेले होते, म्हणून ते पाइपावर तळवा ठेवून आतली चाल ओळखत. तिनंही शेजारी हात ठेवला.

आणि करडा फेस भसाभस वर आला. आई हसत म्हणाली, "अगं, बोअर उतू चाललाय!" फेस संपून नितळ पाणी लागेपर्यंत मामू जेवले नाहीत.

पुढं दरवर्षी ते आले, की वहिनी त्यांच्या हाताखाली असे. गेल्या वर्षी मामूंच्या गुडघ्यांनी दगा दिला. कॉम्प्रेसर वस्तीच्या बचत गटाला देऊन मामू लेकीकडे सोलापूरला गेले.

यंदा पुन्हा रेती आली. वहिनी एकटीनं कामाला लागली. मी व्हिडिओ कॉल लावून फोन धरला. मामू पडद्याला नाक लावून बसले होते. फेस आला, मागून स्वच्छ पाणी आलं.

"मी सांगायच्या आधीच तिनं दाब कमी केला," ते मला म्हणाले.

मग फोन न ठेवता कितीतरी वेळ ते नुसतं वाहतं पाणी बघत राहिले.