उपाशी शरीराची वाचा

बाबांची रेल्वेतली बदली कलकत्त्याला झाली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आधीच्या शाळेत जाड्या म्हणून चिडवायचे, म्हणून मी जेवण कमी केलं, आणि मग वाढवायचं म्हटलं तरी जमेना. तिथल्या गार्डन रीच भागातल्या रेल्वे क्वार्टरमध्ये दीड वर्षात माझी हाडं वर आली. ती सगळ्यांना दिसत होती. पण मिसरूड वाढायची थांबली आणि वयात येताना जागं झालेलं बाकी सारं निपचित पडलं, हे मी कुणाला सांगितलं नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं.

सियालदह स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या बंगाली डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवलं आणि वयात येण्याच्या खुणा अजून दिसतात का, हे मला हिंदीत सरळच विचारलं. मी मान खाली घालून म्हणालो, "वर्ष झालं. काहीच नाही."

"उपाशी शरीर आधी जीव वाचवतं, बाकीची खाती बंद करतं," ते म्हणाले. "पुस्तकात हा मुलींचा आजार आहे. पण तू समोर बसलायस, त्याचं काय करू? हार्मोनचं इंजेक्शन देणार नाही. जेव. सगळं परत येईल, आणि येताना तुला आवडणार नाही."

मी जेवायला लागलो. आई ताट संपेपर्यंत समोर बसायची. आधी पाय सुजले, गाल फुगले. काही महिन्यांनी तोंडभर पुटकुळ्या आल्या, घामाला वास यायला लागला, राग अनावर व्हायचा. एका पहाटे चादर ओली झाली. ती मी गुपचूप धुतली आणि दुपारी ताट सरकवून दिलं. हे शरीर मला परत नकोच होतं.

संध्याकाळी बाबा मला नदीकडे फिरायला घेऊन गेले. जहाजं दिसतात तिथे कठड्यावर बसले.

"चादर दोरीवर पाहिली मी," ते म्हणाले. "वयात आलो तेव्हा मलाही वाटलं होतं, काहीतरी रोग झाला. कुणाला विचारायची सोय नव्हती."

"बाबा, मला भीती वाटते."

"वाटू दे. पण जेवायचं."

घरी जाऊन मी दुपारचं ताट मागितलं. पुढेही दोनदा घसरलो, दोन्ही वेळा बाबांना स्वतःहून सांगितलं. दाढी नीट यायला एकविसावं वर्ष उजाडलं. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझा तपासणीचा कागद मिटला.

"आता इथे येऊ नकोस," ते म्हणाले. "कॉलेजात जा."

आजारपणात बुडालेली शिक्षणाची वर्षं भरून काढायला मी त्याच आठवड्यात फॉर्म भरला.