मामांच्या खिशातला अर्ज

मामा शाळेत शिपाई होते, चौतीस वर्षं. पहिलीतल्या पोराला सोडायला आलेली आई म्हणायची, "मामा, जरा बघा हं याच्याकडे," कारण तिलाही लहानपणी मामांनीच वर्गात नेऊन बसवलेलं असायचं. आईचाही मामा आणि लेकराचाही मामा! घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर त्यांचा टोला पडला की समोरचा न्हावी आपलं घड्याळ लावून घ्यायचा. एकदा मामा तापानं फणफणले होते, दुपारची घंटा अर्धा तास उशिरा झाली. न्हाव्यानं दुकान अर्धा तास उशिरा बंद केलं आणि घरी बायकोची बोलणी खाल्ली. पण घंटा चुकली असेल, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

मामांचं खरं कसब मात्र फाटकापाशी दिसायचं. रडणाऱ्या पोराचा हात धरायचा नाही, मनगट धरायचं. "हात सुटतो, मनगट सुटत नाही," असं ते नव्या शिपायांना शिकवायचे.

आणि अशा मामांची नात घरी शिकत होती!

त्याचं असं झालं. बिट्टीला, म्हणजे नातीला, मामांच्याच शाळेत पहिलीत घातलं होतं. मामांचं नोकरीचं ते शेवटचं वर्ष, त्यामुळे छाती चांगली वीतभर फुगलेली. शाळा चांगली, बाई त्याहून चांगल्या. पण फाटक आलं की बिट्टीचं लाकूड व्हायचं. पाच महिने मामांनी तिला रोज आत नेलं, मनगट धरून, "लाकूड होऊ नकोस, चल," म्हणत. पाचव्या महिन्यात तिनं घराबाहेर बोलणंच सोडलं. दुकानदारानं नाव विचारलं तरी गप्प. सूनबाई घरी बसून छापखान्याची प्रुफं तपासायची, ती म्हणाली, "मी शिकवते हिला घरी." मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, तो म्हणाला, "ती म्हणते तसं." लग्न झाल्यापासून तो हेच म्हणत आला होता.

याला दोन वर्षं झाली. बिट्टी छान वाचू लागली, आईच्या प्रुफांतल्या चुका आईआधी काढू लागली. पण रस्त्यानं जाताना आजोबांच्या हातात हात म्हणून द्यायची नाही. पाण्याची बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालायची. मामांना ते टोचायचं. शाळा सुटली म्हणून पोर अशी झाली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. एक दिवस ते गुपचूप जाऊन तिसरीच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन आले आणि सुवाच्य अक्षरात भरून टाकला. फक्त आईची सही राहिली होती. मुदत सोमवारची.

सूनबाईनं अर्ज पाहिला. भांडली नाही. म्हणाली, "बाबा, रविवारी घरी शिकवणाऱ्या पालकांचं संमेलन आहे. आपण सगळे जाऊ. ते बघून आल्यावरही तुम्ही शाळाच म्हणालात, तर मी सही करते."

"शब्द?"

"शब्द."

अर्ज सदऱ्याच्या खिशात घालून मामा संमेलनाला निघाले.

तिथलं दृश्य बघून मामांच्या कपाळाची शीर उडायला लागली. मोठं सभागृह, बाहेर लांबलचक व्हरांडा, आणि सगळीकडे पोरंच पोरं. रांग नाही, हजेरी नाही, घंटेचा तर पत्ताच नाही. एक मुलगी टेबलाखाली पालथी पडून वाचतेय, एक बापमाणूस बादलीत डबे बुडवून घनफळ शिकवतोय आणि स्वतःच भिजतोय.

"हे संमेलन आहे की मधली सुट्टी?" मामा म्हणाले.

"बाबा, हळू," मुलगा म्हणाला.

"हळू कशाला? इथं ऐकणार कोण!"

पुस्तकांच्या टेबलापाशी एका बाईंनी वाकून विचारलं, "नाव काय गं तुझं?" बिट्टी आईच्या मागे. बाटली पोटाशी. मामांचा हात खिशावर गेला. ते सूनबाईनं बघितलं आणि नजर वळवली.

मग मुलगा आणि सून व्याख्यानाला आत गेले. मामा आणि बिट्टी व्हरांड्यात उरले. आता चौतीस वर्षांची सवय कुठे जाणार? मामांना जिन्यावर एक स्वेटर दिसला. खिडकीत निळी बाटली. खांबापाशी एक बूट, तोही एकटाच. शाळेतही मामांकडे हरवलेल्या वस्तूंची पेटी असायची. त्यांनी सगळं गोळा केलं, दाराशी एक रिकामं टेबल ओढलं आणि मांडून बसले.

"यादी करायला हवी," ते बिट्टीला म्हणाले. "यादीशिवाय पेटी म्हणजे नुसता उकिरडा. आणि ओळख पटल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. अगदी हेडमास्तर आले तरी!"

"कागद?" बिट्टीनं कुजबुजत विचारलं.

मामांनी खिसे चाचपले. एकच कागद होता. मागची बाजू कोरीच तर होती. त्यांनी तो उलटा करून तिच्यापुढे सरकवला.

बिट्टीनं आपली बाटली खाली ठेवली आणि लिहायला बसली. 'निळी बाटली. झाकण चावलेलं. स्वेटर. डावी बाही उसवलेली. बूट. डाव्या पायाचा.'

थोड्या वेळानं एक मुलगा धावत आला. "ती माझी बाटली!" मामा ती उचलणार, तोच बाटलीवर एक छोटा पंजा पडला.

"ओळख सांग."

मामांना वाटलं, दुसरंच कुणी बोललं.

"निळी आहे," मुलगा म्हणाला.

"ते मलाही दिसतंय."

"झाकण... मी चावतो."

"घे. आणि चावू नकोस."

मग एक धिप्पाड, दाढीवाले गृहस्थ स्वेटर न्यायला आले. "माझ्या मुलाचा आहे."

"कुठली बाही उसवलीय?" बिट्टीनं विचारलं.

"अं... उजवी?"

"चूक. मुलाला पाठवा."

गृहस्थ मुकाट्यानं मुलाला आणायला गेले! मामा हललेसुद्धा नाहीत. आपण जरा जोरात श्वास घेतला तरी हे सगळं फुर्रकन उडून जाईल, असं त्यांना वाटत होतं.

व्याख्यान संपून मुलगा आणि सून कधीची दारात उभी होती. मुलाचा चेहरा फुलला होता, सूनबाईचा मात्र उतरला. बोलायला लागली म्हटल्यावर आता बाबा शाळाच म्हणणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि मामांच्या ओठावर तेच आलं होतं.

तेवढ्यात बिट्टीनं विचारलं, "आजोबा, शाळेत ही पेटी कुणाकडे असते?"

"शिपायाकडे."

"मग मी शिपाई होऊन शाळेत जाईन. शिपायाला कुणी ओढून आत नेत नाही ना?"

मामा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. किती मनगटं धरली असतील या हातानं! त्यांतलं एक एवढंसं होतं, बोटं त्याभोवती दीडदा फिरायची.

सूनबाई पुढे आली. यादी उचलली, उलटी केली, आणि पर्स उघडून पेन काढलं. "शब्द दिलाय मी. सही कुठे करू, बाबा?"

मामांनी कागद तिच्या हातातून घेतला आणि यादीची बाजू वर करून घडी घातली. "यादीवर सही लागत नाही. आणि शिपायाच्या जागेला अठरा पूर्ण लागतात. तोवर शिकव घरीच."

मुलगा म्हणाला, "बाबा म्हणतात तसं." पहिल्यांदाच.

बूट न्यायला कुणीच आलं नाही. यादीतल्या त्या ओळीपुढे बिट्टीनं 'वाट बघतोय' असं लिहिलं आणि बूट व्यवस्थापकबाईंच्या ताब्यात दिला.

बाहेर रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. मामांनी नेहमीसारखे हात पाठीमागे बांधले. बिट्टीनं बाटली बापाकडे दिली, मागून आली आणि दोन्ही हातांनी आजोबांचं मनगट घट्ट धरलं.

"अगं, हात धर की," मामा म्हणाले.

"हात सुटतो," बिट्टी म्हणाली. "चला आता. लाकूड होऊ नका."