सोयरिकीची चौकशी

एमआयडीसीच्या रस्त्यावर मी चहा विकते, त्याला आता वीस वर्षं होतील. चहा माझा बरा असतो, पण माझं नाव झालं ते चहामुळं नाही, चौकशीमुळं. आमच्या भागात पोरगी द्यायची म्हणजे पोराच्या घराआधी पोराच्या गावची टपरी गाठायची. दोघं जण मोटारसायकलवर येतात, कपडे इस्त्रीचे, आणि वेळ अशी धरतात की इथल्या लोखंडाच्या मिलची माणसं ड्युटीवर गेलेली असतात. "बियाण्याच्या कंपनीत काम होतं, आल्तो," असं कोणी न विचारता सांगतात. पहिला घोट पोटात गेला की मग हळूच, "बाई, तुम्ही इथल्याच का?" मला हसू यायचं. मी म्हणायची, "पाहुणे, पोरगा कोणता ते सांगा, उगं फेऱ्या मारू नका." मग ते ओशाळायचे आणि नाव सांगायचे.

माझा नियम एकच. खोटं बोलायचं नाही. पोरगा चांगला असला तर तोंड भरून सांगायचं. पिणारा असला, हात उचलणारा असला तर म्हणायचं, "मला काही ठाऊक न्हाई बाबा, पुढं विचारा." शहाण्याला तेवढं पुरतं. असं करून मी दोन-चार पोरींची जिंदगी वाचवली असेल. निदान मला तरी तसं वाटायचं, आणि मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायची. बोलायची खोड आहे मला.

त्यात शाळेतल्या एका बाईंनी भर घातली. त्या बसची वाट बघत माझ्याकडं बसायच्या आणि कसल्याशा पुस्तकांची मालिका वाचायच्या. त्यातही चहाचं दुकान चालवणारी एक बाई, आणि गावातल्या चोऱ्या, खून सगळं तीच शोधून काढणार. "मावशी, अगदी तुमच्यासारखी हो!" म्हणून त्यांनी मला चार पुस्तकं दिली. दहावीपर्यंत शिकलेय मी, दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचायची. त्या बाईच्या दुकानात दूध कधी नासत नाही, गॅस कधी संपत नाही, आणि माणूस मेला तरी तिचं दुकान काही बंद पडत नाही. मला चीड यायची. पण एक पुस्तक संपलं की मी दुसरं मागायची, हेही खरंच. आपणही तशाच आहोत, असं मला मनातून वाटायला लागलं होतं.

आता ज्याचं सांगायचंय तो पोरगा. नाव लिहीत नाही, इथं कोणाचंच लिहीत नाही, माणसं अजून याच रस्त्यानं जातात-येतात. रोलिंग मिलमध्ये कामाला, वय बत्तीसच्या पुढं, हातांवर ठिणग्यांचे डाग. बाप लहानपणीच गेलेला. आईला लकवा झालेला, एक अंग गेलेलं, खाटेवरच सगळं. ड्युटीच्या वेळी शेजारीण बघायची, बाकी सगळं हा करायचा. आंघोळ, अंथरूण, भरवणं. एकदा मी सहज घरी गेले तर हा आईच्या पाठीमागं बसून तिची वेणी घालत होता. नीट, पेडाला पेड लावून. मी दारातच उभी राहिले. मला दोन पोरं आहेत, त्यांनी कधी माझ्या डोक्याला तेलाचं बोट लावलं नाही.

एक दिवस तो ड्युटी सुटल्यावर आला आणि बाकावर बसून राहिला. चहा गार झाला. मी म्हटलं, "काय रे, मिलमध्ये भांडलास का?"

"न्हाई मावशी. चौथी सोयरीक मोडली."

मी पातेलं खाली उतरवलं.

"फोटो आवडतो, पत्रिका जुळती, यायचा दिवस ठरतो. मंग त्या दिशी ऐन टायमाला फोन. न्हाई जमत म्हणं. चारी टायमाला असंच. कोणीतरी बराबर कान भरून राह्यलंय." तो खाली बघून बोलत होता. "आईला एक सून बघायची हाये. दुसरं काही मागत न्हाई ती. तुमच्याकडं सगळे येतात मावशी. कोण हाय ते शोधून द्या."

मला भरून आलं, आणि खरं सांगते, थोडं फुगायलाही झालं. मी म्हटलं, "जा तू बिनघोर. आठ दिसांत नाव काढते."

माझा संशय पहिल्यापासून त्याच्या चुलत्यावर. बांधावरून दोन घरांत बोलणं बंद होतं. पोराचं लग्न झालं नाही तर रान चुलत्यालाच, सरळ हिशेब. मी त्याला हाक मारून बसवलं, आल्याचा चहा दिला आणि गोड बोलून खोदायला लागले. तर तो म्हातारा माझ्यापुढं रडायला लागला! म्हणाला, "बाई, चारीतल्या दोन सोयरिकी मीच आणल्त्या. भांडण बांधाचं हाये, पोराशी काय भांडण?" मध्यस्थालाही धरलं. त्यानं बायोडाटा काढून दाखवला. ‘आई : गृहिणी’ असं लिहिलेलं. म्हणाला, "मी तर आजाराचं पण लिहिलं न्हाई. अजून काय करू?" आठ दिवस गेले आणि माझ्या हाती काही लागलं नाही. पोरगा रोज यायचा, विचारायचा नाही, नुसता बघायचा. ते बघणं मला सोसेना.

शेवटी दुकान बंद ठेवलं, मध्यस्थाकडून पत्ता घेतला आणि बसनं हसनाबादला गेले. चौथी पोरगी तिकडची. मालक रानात गेलेले, घरी पोरीची आई होती, माझ्याच वयाची. पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. मी आडवळण घेतलं नाही. म्हटलं, "ताई, सोयरीक झाली न्हाई त्याचा राग न्हाई. फक्त एवढं सांगा, पोराबद्दल वाईट बोललं कोण?"

ती गोंधळली. "वाईट? वाईट तर कोणीच बोललं न्हाई. आमचे मालक तिकडं जाऊन आल्ते ना. रस्त्यावर चहावाल्या एक बाई हायेत म्हणं, त्यांनी सांगितलं, पोरगं सोनं हाय. आईला न्हाऊ घालतं, भरवतं, वेणी घालतं. असं पोरगं तालुक्यात न्हाई म्हणल्या."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. ते शब्द माझेच होते. एकेक शब्द माझा.

"मंग?" मी विचारलं.

तिनं पदर सावरला. "ताई, मी सात वर्षं सासूचं अंथरूण काढलं. माझी पोरं त्याच खोलीत वाढली. पोरगं आज करतंय, बायको आल्यावर कोण करणार, ते तुम्हाला सांगायला पायजे का? माझी पोरगी बारावी झाली. तिला मी त्या खोलीत न्हाई ढकलणार."

तिच्यावर चिडायला जागाच नव्हती. तिनं मला चहा केला, मी प्यायले आणि निघाले. परतीच्या बसमध्ये मला आधीच्या तीन सोयरिकींचे पाहुणे आठवायला लागले. एक टोपीवाला, ते दोघं भाऊ-भाऊ, एक मास्तरासारखा दिसणारा. प्रत्येकाला मी हौसेनं वेणीची गोष्ट सांगितली होती. प्रत्येकानं मान हलवली होती, "वा!" म्हटलं होतं, आणि घाईनं उठला होता. मला वाटायचं, माणूस खूश होऊन चालला.

पोराला सांगितलं. न सांगून चाललं नसतं, शोधून देते म्हणाले होते. म्हटलं, "बाबा, कान भरणारी मीच. माझ्या तोंडानं झालं." त्यानं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही खोटं काय बोलल्या? हाय तेच सांगितलं." उठला, आणि रोजच्यासारखा गेला. दुसऱ्या दिवशी चहाला आलासुद्धा. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्याभरानं शेजारणीच्या हाती निरोप आला, त्याच्या आईनं बोलावलंय, पोरगा ड्युटीवर असताना या. मी दुपारी गेले. तिचं बोलणं अडखळत येतं, कान जवळ न्यावा लागतो.

"तुम्ही हसनाबादला गेल्त्या म्हणं," ती म्हणाली. "कशाला गेल्त्या बाई? मला इचारायचं. पाव्हणे येणार म्हणून पोरगं नवी चादर टाकायचं. मला नवं लुगडं नेसवायचं. आन् कोणी येत न्हाई. घर न बघताच माघारी जातात. मंग घरात असं काय हाय? मीच हाय."

"तसं न्हाई हो..."

"ऐका. आता कोणी आलं, तर सांगा, आई न्हाई. गेली म्हणून सांगा."

"काहीच्या काही काय बोलता!" मी ओरडलेच. "जित्तेपणी? आन् उद्या पाव्हणे घरी आले मंग?"

"भावाकडं नेऊन टाका मला. अक्षता पडल्या की मंग काय व्हायचं ते व्हईल." तिनं चालत्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "माझं आज हाय, उद्या न्हाई. त्याचं वय थांबतंय का? आन् ह्यातलं त्याला कळू द्यायचं न्हाई. माझी शप्पथ घ्या."

मला हसनाबादची ती बाई दिसत होती, तिची बारावी झालेली पोरगी दिसत होती. तरी मी शपथ घेतली. चूक माझी होती, आणि त्याची आई मनगट सोडत नव्हती.

लग्नसराईच्या तोंडाला अंबडकडचा एक जण आला. वयस्कर, एकटाच, साधा. चहा घेतला, या पोराचंच नाव काढलं. मी सांगितलं, कामाला वाघ, व्यसन बिलकुल नाही. त्यानं विचारलं, "घरात कोण कोण?"

मी चहा ढवळत होते. म्हटलं, "एकटाच हाय. बाप लहानपणीच गेला. आईपण गेली."

मान वर केली तर पोरगाच समोर उभा. मिलची लाइट गेल्ती, माणसं लवकर सोडली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. पाहुण्याला हात जोडले आणि म्हणाला, "काका, माझी आई हाये. खाटेवर असती. या, भेटून जा." पाहुणा एकदा माझ्याकडं बघतो, एकदा त्याच्याकडं. पण गेला त्याच्यामागं. पाऊण तासानं त्याची मोटारसायकल माझ्या टपरीवरून पुढं गेली, थांबली नाही. ती सोयरीकही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला, बसला नाही.

"लगीन न्हाई झालं तर न्हाई झालं," तो म्हणाला. "पण माझी आई जित्ती हाय, मावशी. तिला तुम्ही मारलं."

जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. पण मग त्यानं घरी जाऊन तिच्याकडं कोणत्या डोळ्यांनी बघितलं असतं? तिनंही त्याच्या हातचा घास कसा गिळला असता? शपथेचं सोडा, शपथा काय, मोडता येतात. पण हे त्याला कळलं असतं तर ती खरंच मेली असती, त्याच्या नजरेत नाही, स्वतःच्या.

"चुकले," मी म्हटलं. तो गेला.

आता तो समोरच्या टपरीवर चहा घेतो. वर्ष होऊन गेलं. माझ्याकडं बघत नाही, मीही हाक मारत नाही. पाहुणे मात्र अजून माझ्याकडंच येतात, त्याचं नाव काढतात, पोरगा कसा आहे विचारतात. मी समोर बोट दाखवते. म्हणते, "सांजच्याला या. ड्युटी सुटली की तिथं बसतो. त्यालाच विचारा."